लांब पोळीचा गुरुवार

१० जानेवारी १९७८, मंगळवार

आज पुन्हा फळ्यावरून वाजलं.

यमुताईंच्या खाणावळीचा फळा मला तोंडपाठ आहे. सोमवारी वांगी, मंगळवारी डाळकांदा, बुधवारी पाटवडी. गुरुवार तर नुसता मरगळलेला! अर्ध्या मेंबरांचा उपास, म्हणून दुधी. मला इथे पोळ्या लाटायला लागून चार वर्षं झाली, चारही वर्षं गुरुवारी दुधीच.

कणीक मळता मळता रुपरावभाऊंना म्हटलं, गुरुवारी काहीतरी वेगळं करू या. भाऊ म्हणजे आमचे आचारी, सावनेरचे. भिवापूरची मिरची सोडून दुसऱ्या मिरचीला हात लावत नाहीत, आणि पोळीवालीनं भाजीत तोंड घातलेलं चालवून घेत नाहीत. पळी कढईवर आपटून म्हणाले, "नवीन करायची हौस घरी फेडावं बाई. इथं मेंबरले कालची चव आज लागली पाह्यजे."

खोटं नाही ते. पटलं, म्हणून जास्त राग आला.

रोज चारशे पोळ्या लाटते मी. सगळ्या सारख्या. चारशेत एकही माझी नाही.

११ जानेवारी

सुचलं — लांब पोळी!

आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत लग्न असलं की बायका दारात चूल पेटवून त्यावर मडकं उपडं घालतात आणि हातावरच्या पोळ्या टाकतात. पोळपाट नाही, लाटणं नाही. सैल कणीक हातांवर खेळवत खेळवत हातभर लांब करायची आणि झपकन मडक्यावर. रुमालासारखी पातळ. उमरेडची माझी आई त्यात नंबर एक.

ही पोळी यमुताईंच्या फळ्यावर आजवर का आली नाही, ते मला कळतं. आमच्या बौद्ध घरांतली आहे ती. धरमपेठेतल्या पंगतीत कोण वाढणार?

पण यमुताई तशा नाहीत. नवरा गेल्यावर एकटीनं खाणावळ उभी केली. मी काम मागायला आले तेव्हा नाव विचारलं, वस्ती विचारली. इंदोरा ऐकून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, उद्या सातला ये.

१२ जानेवारी

यमुताईंना विचारलं! 'एकदा करून बघ' म्हणाल्या. भाऊंनी नुसतं हुं केलं.

१५ जानेवारी, रविवार

उमरेडला आईकडे जाऊन आले. वही-पेन्सिल घेऊन बसले होते, पीठ किती, पाणी किती लिहायला. आईनं वहीच बाजूला सारली. "पानी किती ते पीठ सांगते तुले. कागद नाही सांगत." मग तासभर कणीक परातीत आपट आपट आपटली. तिची कणीक दोरीसारखी लांबायची, माझी फाटायची. तीन पोळ्या जमिनीवर गेल्या. आई म्हणते, लाटून लाटून हात बिघडवून बसली मी.

मी नवीन पदार्थ, नवीन पदार्थ करत होते, तेव्हा ती हसली. "नवीन काहून म्हनतं? हे त माह्या आजीचं हाय."

येताना एस.टी.त हाच विचार. मग नवीन म्हणजे काय? मला वाटतं, जिथं कधी पोचलं नाही तिथं पोचलं की जुनंच नवीन होतं. रुपरावभाऊंना सांगायला हवं. ऐकणार नाहीत.

आईनं तिचं मडकं दिलं. लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, तर कंडक्टर म्हणतो, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा बाई!

१९ जानेवारी, गुरुवार

फजिती. सांगू नये अशी.

यमुताईंचा नियम — सवाष्णीनं मोकळ्या हातांनी चुलीपाशी उभं राहायचं नाही. स्वतः बांगड्या घालत नाहीत, पण आमच्या मनगटांवर बारीक लक्ष. आणि ही पोळी तर कोपरापर्यंत खेळते. आईचे हात तेव्हा मोकळे असतात, हे मी शंभरदा पाहिलं आहे, तरी डोक्यात आलं नाही. कणीक बांगड्यांत अडकली, मी झटका दिला, दोन वाढल्या. काच कुठं गेली? परातीत! सगळी परात फेकावी लागली. मेंबर भात आणि दुधी खाऊन गेले.

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर चहाचा कप तेवढा माझ्यापुढे सरकवला.

२० जानेवारी

यांना सांगितलं. हे म्हणजे देवाजी, माझे मालक, मिलमध्ये आहेत. पोट धरून हसले. "काढून ठेवत जाय ना वं. मी जिता हाओ, साऱ्याइले मालूम हाय."

२६ जानेवारी, गुरुवार

जमली! जमली! जमली!

बांगड्या घरी डब्यात ठेवून गेले. यमुताईंनी मनगटांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि ताटं पुसायला वळल्या. भाऊ स्वतः चुलीशी बसले. म्हणाले, आच मी पाहतो, तू हात पाहा. पहिली पोळी जरा जाड. दुसरीतून मडकं दिसत होतं!

आणि खरी गंमत पुढेच. भाऊंनी तुकडा तोडला, चावला, उठले आणि आज दुधीऐवजी केलेल्या वांग्याच्या रश्श्यात मुकाट्यानं पाणी वाढवलं, वरून ठेचलेला लसूण टाकला. चौदा वर्षांत त्यांच्या रश्श्याला कुणी हात लावला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणाले, पातळ पोळीले घट्ट रस्सा झेपत नाही. एवढंच. कालची चव गेली की हो भाऊ!

असा दिवस या स्वयंपाकघरात मी पाहिला नव्हता. ते चुलीशी, मी मडक्यावर, बोलणं नाही, तरी एकाचं बघून दुसऱ्याचं सुधारत होतं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

जिन्यापर्यंत रांग. बँकेतले रवींद्रबाबू गुरुवारचा कडक उपास करतात. आज दारात उभं राहून वास घेतला आणि यमुताईंना विचारलं, उपास शुक्रवारी केला तर चालतो का!

पुढच्या गुरुवारी फळ्यावर लिहिते, असं यमुताई म्हणाल्या. हात दुखताहेत. दुखू देत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

फळ्यावर लिहिलं आहे — यमुताईंची खास लांब पोळी.

१० फेब्रुवारी

विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी विचारलं.

यमुताई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. खाणावळ त्यांची, म्हणून फळ्यावर नाव त्यांचं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, दुधीला तर तुम्ही कधी नाव दिलं नाही. तेव्हा हळू आवाजात बोलल्या, "अगं, तुझं नाव लिहिलं तर लोक विचारतील, कोण, कुठली. सगळेच मग खातील असं नाही."

"विचारू द्या ना ताई."

त्या निवडत राहिल्या.

वाईट नाहीत त्या. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या घरी डबा पाठवला होता. म्हणून तर इतकं लागलं. दुसरं कुणी असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. नळाखाली तोंड धुतलं आणि पुन्हा लाटायला बसले.

११ फेब्रुवारी

चारशे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आजही मीच केल्या, त्यांच्या नावाच्या. हात आईचे, घाम माझा. रवींद्रबाबू यमुताईंना म्हणाले, वा, काय हात आहे तुमचा! यमुताईंनी हसून मान हलवली. मी आत होते, दिसले नाही त्यांना.

ताटं उचलल्यावर सांगितलं, उद्यापासून येत नाही. यमुताई म्हणाल्या, मग गुरुवारी कोण करेल? मी म्हटलं, "तुमचीच पोळी आहे ना ताई." म्हटल्यावर मलाच हसू आलं, त्यांनाही येता येता राहिलं. मडकं लुगड्यात बांधलं. रुपरावभाऊ कढईकडे तोंड करून उभे होते. वळलेसुद्धा नाहीत. चार वर्षं एका धुरात काढली, नुसतं 'जाय' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

१८ फेब्रुवारी

भीती वाटते. हे म्हणतात, दारातच मांड चूल. भाजी मात्र मला बेतास बात येते, हे दोघांनाही ठाऊक. तिखट-मिठाशी खातील म्हणे लोक!

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र्यावर यांनी खडूनं लिहिलं — कौसल्याबाईंची लांब पोळी. अकरापर्यंत कुत्रं फिरकलं नाही. मग एक सायकल थांबली. रुपरावभाऊ. कॅरिअरला कढई बांधलेली, हँडलला मिरचीची पिशवी. मला वाटलं, जेवायला आले. कढई उतरवून त्यांनी अंगण एकदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "दुसरी चूल कुठं मांडू, बाई?"