नांगर वर कसा घ्यावा

३ फेब्रुवारी
आज मेहुण्याने पुन्हा माझा नांगर ओढून दिला. आपली बोट माझ्या बोटीला लावली, भाऊजी सरका म्हणाला आणि वाळत घातलेला टॉवेल काढावा तसा नांगर वर काढला. वर शीळ घालत होता. शिळेची काही गरज नव्हती. याचं टायरचं दुकान आहे. डोकं म्हणजे टोपी ठेवायची जागा.

बायको किनाऱ्यावरून बघत होती. घरी येऊन तिने जाहीर केलं, महिनाअखेरपर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय नांगर वर घेऊन दाखवा, नाहीतर बोट विकायची. माझ्या कमरेची काळजी म्हणे! कमरेला काहीही झालेलं नाही. दोष पद्धतीत आहे.

(शेक घेतला. प्रतिबंधात्मक.)

४ फेब्रुवारी
बोट विकायची म्हणजे काय? रिटायर झाल्यापासून या घरात मला कोणी काही विचारत नाही. भाजी कुठली आणायची हे सून ठरवते, पंखा कितीवर ठेवायचा हे मुलगा. बोटीत मात्र मी म्हणेन ती पूर्व दिशा. बोट गेली तर मी फक्त सोफ्यावरचा माणूस उरेन. जाऊ देणार नाही.

उभी नोकरी पर्चेस डिपार्टमेंटला काढली आहे. तुलनात्मक तक्ता केला. हाताने ओढणे: रानटी. मेहुण्यासाठी ठीक. बॅटरीवरची विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र: बटण दाबा, नांगर वर, पण महाग. गोळा आणि कडी: स्वस्त, शास्त्रशुद्ध. एकमताने मंजूर.

७ फेब्रुवारी
गोळा आणला. लालभडक, हवा भरलेला, भोपळ्याएवढा, पाण्यावर तरंगणारा, खाली लोखंडी कडी. नांगराचा दोर कडीतून ओवायचा, बोट नांगराच्या पुढे हाकायची, की गोळाच नांगराला पाण्याच्या वर घेऊन येतो. दुकानदार पुढे कडीबद्दल काहीतरी सांगत होता. मी हात वर करून थांबवलं. विक्रेत्याला बोलू दिलं की भाव चढतो.

८ फेब्रुवारी
मालाची तपासणी केली. कडी दोरावरून घसरते! या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. असला माल आमच्या ऑफिसच्या गेटमधून आत आला नसता. बायको म्हणाली, घसरायलाच असेल. हिने आयुष्यात कधी टेंडर काढलंय?

कडी दोराला घट्ट गाठ मारून पक्की केली. वर चिकटपट्टी. आता हलून दाखव म्हणावं.

११ फेब्रुवारी
चाचणी. बोट पुढे हाकली. गोळा आमच्याबरोबर डौलात आला. नांगर आला नाही. मागे घेतली, पुन्हा हाकली. तेच. तिसऱ्यांदा मागे घेताना दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला. मेहुणा आला. शीळ.

भिकार वस्तू. किनाऱ्यावर फेकून दिली. मेहुण्याने विचारलं, मी घेऊ का? म्हटलं घे, भंगारात घाल. फुकटचं म्हटलं की याला काहीही चालतं.

१५ फेब्रुवारी
विंच बसवली. स्वस्तातलं स्वस्त घेणं ही चूक माझी नव्हती, तक्त्याची होती. मेकॅनिक म्हणाला, हिला वेगळी बॅटरी लागेल, इंजिनच्या बॅटरीवर चालवू नका. जुना धंदा! एक वस्तू घ्यायला जा, दुसरी गळ्यात मारतात. इंजिनच्याच बॅटरीला जोडायला लावली. तोंड वाकडं केलं त्याने. माझ्याशी गाठ आहे.

२२ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. बायकोला साक्षीदार म्हणून बोटीत घेतलं. मेहुण्याला मुद्दाम थोड्या अंतरावर नांगर टाकून बघायला बसवलं.

बटण दाबलं. गुर्रर्र. नांगर वर! बायको म्हणाली, अहो, जमलं की. लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, वारं होतं. तिला नीट दिसावं म्हणून नांगर पुन्हा टाकला, पुन्हा वर घेतला. मग मेहुण्याला दिसावं म्हणून. मग त्याने शीळ थांबवावी म्हणून.

नंतर घरी निघायला इंजिनाची किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टकसुद्धा नाही. बॅटरी खलास. बोट खडकाकडे वाहायला लागली. बायको ओरडली, नांगर टाका! टाकला. बोट थांबली. मग तिने शांतपणे विचारलं, आता हा वर कोण घेणार?

मी मेहुण्याकडे बघून हात हलवला.

२३ फेब्रुवारी
कालचं राहिलेलं लिहितो. मेहुणा यायला निघाला. पण आधी त्याला स्वतःचा नांगर उचलायचा होता. त्याने दोराला हातही लावला नाही. नुसती बोट पुढे हाकली. एक लाल गोळा दोरावरून घसरत घसरत मागे गेला, नांगरापाशी पोचला आणि त्याला घेऊन वर आला.

गोळा माझाच. गाठ तेवढी सोडली होती.

बायको म्हणाली, घसरायलाच होता. एवढंच. आमचा नांगर वर घेऊन त्याने आम्हाला ओढत आणलं. कमर दुखते आहे. हे फक्त इथे लिहितो.

२८ फेब्रुवारी
बोट विकली नाही! माझ्या ठाम भूमिकेपुढे बायकोला माघार घ्यावी लागली. तिची एकच अट: यापुढे मी नांगर टाकायचाच नाही. मेहुणा टाकेल, मी माझी बोट त्याच्या बोटीला दोराने बांधून मागे बसायचं. जाता-येताही तोच ओढून नेणार. तक्त्यात चौथी पद्धत लिहिली: मेहुणा. बॅटरी लागत नाही. आवाज मात्र करतो.

नांगर घरी आणला. सुनेने दाराला लावून ठेवलाय, वाऱ्याने आपटू नये म्हणून. तिथे चांगलं काम करतो.

आज सकाळी निघताना मेहुण्याने मान राखून विचारलं, भाऊजी, कुठे जाऊ या? मी म्हणालो, पूर्वेला. तो पश्चिमेला गेला. दोर बांधलेला असल्यामुळे मीही गेलो.