बाबांची जागा

दिल्ली, ४ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मासेमारीच्या जागेचे तुम्ही दिलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे नकाशावर उतरवले. कुठल्याच देशाची हद्द नसलेल्या समुद्रासाठीचा करार गेल्या महिन्यात लागू झाला. पाणी तापल्यामुळे मासळी जिथे आसऱ्याला गेली आहे, त्या जागा सगळ्या देशांनी मिळून राखाव्यात, तिथे कुणीच मासेमारी करू नये, असा प्रस्ताव आमची संस्था तयार करते आहे. त्यात तुमचीही जागा घालायची आहे. पण उपग्रहाच्या नोंदीत तिथे मासळीची काहीच खूण दिसत नाही. वीस तारखेपर्यंत खात्री झाली नाही तर ती वगळतील, आणि मग मोठी परदेशी जहाजं तिथलं सगळं ओरबाडून नेतील. बाबा, लिहिताना चूक तर झाली नाही ना? फार काळजी वाटते.

मिथुनला म्हणावं, बहिणीला विसरलास तरी चालेल, वेळेवर जेवायला विसरू नकोस.

तुमची लाडकी आणि भांडकुदळ,
निशा

पनवेल कोळीवाडा, १० फेब्रुवारी

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

चूक नाही, मी खोटं लिहिलं. चाळीस वर्षं बंदरावर कुणी विचारलं की आम्ही भलतीच जागा सांगतो. सख्ख्या मेव्हण्यालाही खरी सांगितली नाही. तू विचारलंस आणि हात सवयीने तसाच चालला. लाज वाटते. खरे आकडे खाली लिहिले आहेत. फोनवर नकोत, फोन बोटीवरची सगळी पोरं हाताळतात.

भीती निराळीच आहे. ही जागा मी फक्त मिथुनला दिली. तिथल्या सुरमईवर घर चालतं. ती बंद झाली तर तो काय करणार? आणि कुणी सांगितली हे कळल्यावर माझ्याशी बोलेल का? तुझा अभिमान आहे गं, पण जीव धास्तावला आहे.

गुडघे धरलेत, म्हणून पाकीट मिथुनकडेच टाकायला देतो. जपून राहा.

तुझा बाप,
काशिराम

पनवेल, ११ फेब्रुवारी

ती. निशाताईस,
सा. न.

बाबांनी पाकीट चिकटवलंच नव्हतं. वाचलं.

त्यांचे आकडे खरे आहेत, पण त्या जागेवर दोन वर्षं काही लागत नाही. पाणी तापलं तशी सुरमई आणखी पश्चिमेला सरकली. मी तिकडून आणतो आणि बाबांना सांगतो, तुमच्याच जागेवरची. ते ऐकून दोन घास जास्त जेवतात.

नवी जागा मागच्या बाजूला लिहिली आहे. गेल्या फेरीला तिथे अकरा मोठी जहाजं मोजली. तुमच्या कागदाने ती थांबतील का, माहीत नाही. आमचं जाळं थांबेल, एवढं माहीत आहे. तरी प्रस्तावात हीच घाल. तिच्यापलीकडे आपली बोट पोचत नाही.

बाबांना मात्र लिही, त्यांचीच जागा घेतली म्हणून. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मिथुन