बाविसाव्या वचनातलं क्रियापद

९ मार्च, रविवार

अधीन! म्हणे अधीन!

दुपारी भार्गवीने पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवला. मे महिन्यात सकाळी आपल्या पद्धतीने लग्न, संध्याकाळी योहानच्या बाबांच्या चर्चमध्ये उपासना — त्या उपासनेचा क्रम. गीत, प्रार्थना, वाचन, आशीर्वाद. वाचन कुठलं, तर पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातलं, पाचवा अध्याय, बाविसाव्या वचनापासून. मी आपलं सहज उघडून पाहिलं. स्त्रियांनी आपापल्या पतीच्या अधीन असावं!

ह्यांना वाचून दाखवलं. हे बांगड्याचे काटे काढत होते. म्हणाले, "वाचू दे गो. दोन मिनिटांचं काम." म्हटलं, वाचायला दोन मिनिटं आणि निस्तरायला जन्म! आणि बोलू नका, काटा लागेल, आधी जेवा. जेवले.

भार्गवीला फोन लावला. "तुला चालणार आहे हे?"

"चालेल गं आई."

हिला सगळंच चालतं. फ्रॉक कुठला? कुठलाही चालेल. सायन्स की कॉमर्स? काहीही चालेल. मग सायन्स मी ठरवलं, पुण्याची नोकरी मी ठरवली, केस किती कापायचे तेसुद्धा मीच. नवरा तेवढा तिने ठरवला. मुलगा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अशा पोरीच्या डोक्यावर चारचौघांत 'अधीन' म्हणून वाचलं, की संपलंच. उद्या तो म्हणेल ऊठ, ही म्हणेल चालेल. तो म्हणेल नोकरी सोड, ही म्हणेल चालेल.

मला भीती वाटते. कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. फार भीती वाटते.

१० मार्च, सोमवार

ते वाचन बदलत नाही तोवर पत्रिका छापायच्या नाहीत. ह्यांना प्रेसमध्ये पाठवून मजकूर परत आणवला. आणला. कोथिंबीर विसरले.

१२ मार्च, बुधवार

पाळकांच्या घरी गेले होते. पाळक म्हणजे योहानचे बाबा, अनिलराव. त्यांची बायको दीपाली माझीच विद्यार्थिनी, आठवी ब! मागच्या बाकावर बसून चिंचा खायची. आता विहीणबाई होणार. अजून मला पाहिलं की पदर सावरून उभी राहते. मला बरं वाटतं.

अनिलराव म्हणाले, "बाई, मराठीत 'अधीन' म्हटलं की कानाला टोचतं. मूळ ग्रीक क्रियापद आहे हुपोतास्सो. हुपो म्हणजे खाली. तास्सो म्हणजे रचणं, ओळीत लावणं — सैन्य उभं करतात ना, तसं."

म्हटलं, "म्हणजे बायकोने नवऱ्याच्या खाली रांगेत उभं राहायचं. फारच टोचायचं थांबलं हो!"

"तसं नाही. इथलं रूप असं आहे, की कुणी दाबून बसवत नाही. माणूस आपणहून आपली जागा घेतो."

"म्हणजे आत्मनेपद?"

"तुमच्या संस्कृतात म्हणतात ना, साधारण तेच."

ग्रीकमध्येही आत्मनेपद! मी भांडण विसरले. अर्धा तास रूपं चालवली. तेवढ्यात दीपाली आतून ओरडली, "अहो, चिखलाच्या चपला घरात कोणी आणल्या?" पाळकसाहेब वाक्य अर्धं टाकून उठले आणि चपला बाहेर ठेवून आले. आपणहून? मला काही तसं दिसलं नाही.

निघताना दीपालीला विचारलं, तुझ्या लग्नात हे वाचलं होतं का? म्हणाली, "वाचलं असणार, बाई. माझी निरी सुटत होती, मी ऐकलंच नाय."

१३ मार्च, गुरुवार

ओळीत लावणं! ठेंगण्या पुढे, उंच मागे, हाताचं अंतर घ्या — शाळेत मी रोज सकाळी दुसरं काय केलं? मुख्याध्यापिका होईपर्यंत तेच, झाल्यावरही तेच. पण मुली काही माझ्या खाली नव्हत्या, ओळीत होत्या. असं स्वतःला समजावलं. मग आठवलं, मी मात्र पायरीवर उभी असायचे.

होळीची पुरणपोळी केली. हे तीन खाऊन चौथी मागत होते. दिली नाही. शुगर.

१७ मार्च, सोमवार

अनिलरावांनी जाडजूड शब्दकोश दिलाय. जिथे जिथे हे क्रियापद आलंय त्या सगळ्या जागा एकेक करून काढतेय. ग्रीक लिपी जमते हळूहळू, बीजगणिताची निम्मी अक्षरं ओळखीचीच निघाली.

कोण कोण अधीन आहे पाहा. भुतं शिष्यांना अधीन. प्रजा सरकारला. दास धन्याला. आणि बायका नवऱ्याला! चांगल्या पंगतीत बसवलंय आम्हांला. पण तेच क्रियापद दुसरीकडे ख्रिस्तालाही लावलंय — शेवटी पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होईल, असं. आणि बारा वर्षांचा असताना तो आईबापांच्या अधीन होता, तिथेही हेच. ते तर यरुशलेमेत घडलेल्या प्रकारानंतर लगेच! पोरगा न सांगता देवळात मागे राहिला, आई तीन दिवस जीव मुठीत धरून शोधतेय, आणि सापडल्यावर उलट तिलाच विचारतो, मला शोधत का होतात? माझ्या हाती लागला असता तर.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जेवायचं काय करायचं?" खिचडी लावा म्हटलं. लावली. मीठ कमी.

२१ मार्च, शुक्रवार

सापडलं!!

बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही! अगदी जुन्या ज्या हस्तलिखित प्रती आहेत त्यांत नुसतं एवढंच — बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या, प्रभूच्या जसं, तसं. 'अधीन असा' हे शब्द तिथे नाहीतच. ते घ्यायचे आदल्या, एकविसाव्या वचनातून. आणि तिथे काय म्हटलंय? सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं. एकमेकांच्या!

जेवण टाकून भर उन्हात रिक्षाने पाळकांकडे. ते बनियनवर होते. मी दारातूनच ओरडले, "क्रियापदच नाही!" शेजारच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

अनिलराव शर्ट चढवत म्हणाले, "होय बाई. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं ते."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आल्या आल्या भांडायलाच लागलात."

वर प्रामाणिकपणा एवढा, की स्वतःच दुसरं पत्र उघडून दाखवलं. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात हेच वाक्य आहे आणि तिथे मात्र क्रियापद ढळढळीत बसलेलं आहे. म्हटलं, तिथलं तुम्ही वाचणार नाही आहात ना? मग ते पुस्तक मिटा.

माझी मागणी सरळ आहे. वाचायचं तर एकविसापासून वाचा. ते मान खाजवत म्हणाले, "आमची वडीलधारी मंडळी बावीसपासूनच ऐकत आलीत. कुरकुर करतील. आणि बाई, पुढचं पण वाचा ना. नवऱ्याला तर बायकोसाठी जीव द्यायला सांगितलंय."

जीव नको. सकाळचा चहा करून दिला तरी पुष्कळ.

२२ मार्च, शनिवार

ह्यांनी सकाळी चहा केला. मी काही बोलले नव्हते. साखर जास्त पडली होती, तेवढं सांगितलं.

३० मार्च, पाडवा

पाळकांना जोडीने जेवायला बोलावलं होतं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, काजूची उसळ. गुढी ह्यांनी उभारली, वाकडी. मी सरळ करून घेतली.

जेवण छान चाललं होतं. मी एकविसाव्या वचनाचा विषय काढला. अनिलरावांनी भाजी वाढून घेतली. आणि दीपाली — जी आठवीत हजेरीलाही मान खाली घालून 'हजर' म्हणायची — ती हळूच म्हणते, "बाई, रागावणार नाय ना? एक विचारू?"

विचार म्हटलं.

"सकाळच्या लग्नात तुम्ही कन्यादान करणार. दान करायचं म्हणजे नक्की काय करायचं? एकदा दिलेल्या दानावर आपला हक्क राहत नाही, असं तुम्हीच शिकवलं होतंत. मग तुम्ही भार्गवी आम्हाला देऊनच टाकणार का?"

ह्यांना ठसका लागला. श्रीखंड नाकात गेलं. मी बघितलं, तर तो ठसका नव्हता, हसू होतं! माझी नजर गेल्यावर हे पुऱ्या आणायला आत पळाले. पुऱ्या ताटातच होत्या.

मी दीपालीच्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं.

१ एप्रिल, मंगळवार

भिकाजी गुरुजींना फोन केला. कन्यादान वगळून लग्न लावता येईल का? गुरुजी म्हणाले, "वहिनी, मुलगी दिलीच नाही तर ती सासरी जायची कशी?"

म्हटलं, रिक्षाने.

३ एप्रिल, गुरुवार

हे हेदवीला गेले. दशभुजा गणपतीला साकडं घालून येतो म्हणाले, लग्नाचं अडलंय म्हणून. गुहागरला चुलतभावाकडे राहतील. जा म्हटलं, देवालाही कळू दे. चपात्या बांधून दिल्या. उन्हाच्या बाजूला बसू नका, चार्जर घ्या, वाटेत वडे खाऊ नका. सगळ्याला होय होय म्हणाले. गरीब आहे बिचारा माणूस. कधी माझा शब्द मोडला नाही.

५ एप्रिल, शनिवार

हे आले. प्रसाद कुठे? म्हणे वाटेत खाल्ला. देवाचा प्रसाद, घरच्यांना कण नाही! काय म्हणावं? पण चेहरा प्रसन्न होता. हेदवीची हवा मानवलेली दिसते.

९ एप्रिल, बुधवार

जिंकले!

कालच मनाशी ठरवलं होतं. कन्यादानाचं दीपाली म्हणाली ते खरंच आहे. मला माझी मुलगी कोणाला देऊन टाकायची नाही. मग ते धरून कशाला बसायचं? आज जाऊन सरळ सौदा मांडला: मी कन्यादान वगळते, तुम्ही एकविसाव्या वचनापासून वाचा. तुमचं एक क्रियापद, आमचं एक.

अनिलराव लगेच म्हणाले, "मान्य."

लगेच! मला अजून तीन मुद्दे मांडायचे होते, कागदावर काढून नेले होते. म्हटलं, वडीलधाऱ्यांचं काय? म्हणाले, "त्यांना सांगतो, बाईंनी सांगितलंय. त्यातल्या निम्म्यांच्या बायका तुमच्याच विद्यार्थिनी आहेत." दीपाली कोकम सरबत घेऊन आली. दोघंही माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसत होती. थोडी जास्तच.

येताना मांडवीच्या किनाऱ्यावर थोडा वेळ बसले. एकटीच. एकदम हलकं वाटलं. भार्गवीला आता कोणी काही करू शकणार नाही, असं वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

पत्रिका छापायला गेली. गुरुजी रुसलेत. रुसू देत.

१२ एप्रिल, शनिवार

लग्न होऊन गेलंय!

चार तारखेला. पुण्यात, नोंदणीने. मी आज ह्यांना म्हटलं, नोंदणीचंही बघायला हवं, साक्षीदार कोण ते ठरवते. तर हे फणसाचे गरे सोडवता सोडवता म्हणाले, "ठरवायचं काय गो त्यात? सही केली मी." हे, अनिलराव आणि दीपाली, तिघांच्या सह्या. हेदवीला हे गेलेच नव्हते! नऊ तारखेला मी तिथे सौदा करत होते तेव्हा त्या दोघांना — जाऊ दे.

भार्गवीला फोन लावला. म्हटलं, मला न विचारता?

"हो आई. तुला न विचारता."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही, सॉरीसुद्धा म्हणाली नाही. मेमध्ये मांडवात उभी राहीन, तू ठरवलंयस ते सगळं करू, म्हणाली. फोन मीच ठेवला.

मग ह्यांच्यावर ओरडले. ती एक मूर्ख, तुम्ही तरी मला विचारायचं!

हे तेलाचे हात पुसत म्हणाले, "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मला तुझं ऐकावं लागलं असतं."

मोरीत जाऊन रडले. राग आहे, अजून आठवडाभर तरी राहील. भीती मात्र गेली.