पदार हा शब्द कुणाचा

रूसे,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नेदा,

पाकिटामागचं नाव वाचून तू हे पत्र तसंच फाडलं नाहीस, एवढ्यावरच मी खूश आहे. पत्ता व्हिओलेताने दिला. परवा मंडईत भेटली, हिवाळ्यासाठी खारवायला कोबी घेत होती. "पत्ता देते, पण माझ्या बहिणीला काही वेडंवाकडं लिहिलंस तर हा गड्डा तुझ्या डोक्यात घालीन," म्हणाली. गड्डा चांगला पाच किलोचा होता. तू तिकडे ऑस्ट्रियात, लिंझच्या रुग्णालयात मोठ्या हुद्द्यावर आहेस, तुझ्या हाताखाली तीस परिचारिका आहेत, हेही तिनेच सांगितलं. सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती, जणू त्या तीसजणी तिच्याच हाताखाली आहेत.

आमच्याकडे सगळं ठीक. माझी बायको स्नेझाना शाळेत भूगोल शिकवते. मुलगी कलिना सतरा वर्षांची आहे आणि तिला माझं काहीही पटत नाही. मी अजून ट्रॉलीबसच्या डेपोतच आहे. डोक्यावरचे केस गेले. यंदा लाल मिरच्या छान झाल्या, चाळीस बरण्या ल्यूतेनित्सा चटणी घातली, आठवडाभर इमारतीच्या जिन्यात भाजक्या मिरच्यांचा वास कोंडला होता. वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला आले आणि दोन बरण्या घेऊन गेले.

मी लांबण लावतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

नेदा, पाचवा भाग आला! 'पल्याडचे दिवे'चा पाचवा भाग! एकोणीस वर्षांनी! (चौथ्याबद्दल आपण बोलायचं नाही. तो कधी आलाच नव्हता, असा आमच्या रूसेच्या चाहते मंडळाचा लेखी ठराव आहे.) काल दुपारी सिनेमाचा पहिला खेळ होता. मी आठवडाभर आधी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. स्नेझाना म्हणाली, "आपल्या लग्नाला तरी केली होतीस का रे?"

शेवट सांगत नाही, शपथ. पण सुरुवात सांगितल्यावाचून राहवत नाही. अंधारात 'माल्वा' यान दिसतं. तीच आपली 'माल्वा', आणि तिच्या उजव्या अंगाला तोच पोचा, पहिल्या भागात धडकल्यावर पडलेला. त्यांनी तो पोचा तसाच ठेवलाय! माझ्या शेजारी पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस होता, त्याने तो बघून रुमाल काढला. मग आतमध्ये चारशे माणसं आपापल्या काचेच्या पेट्यांत झोपलेली, चाळीस वर्षांच्या प्रवासाला निघालेली. आणि त्यांच्या मधून एक म्हातारी चालत येते. आपल्या वेळी या कामावर तरणाबांड ओरेन होता. आता ही, सत्तरीची. गुडघा दुखतोय हे चालीवरून कळतं. एकेका पेटीपाशी थांबते, काच पुसते, आतल्या माणसाचं नाव मोठ्याने वाचते आणि पुढे जाते. पहिली अकरा मिनिटं त्या नावांखेरीज एक शब्द नाही. कोणी लाह्यासुद्धा खाल्ल्या नाहीत.

मग एक पेटी बिघडते आणि सहा वर्षांची मुलगी वेळेआधीच जागी होते. समोर ही म्हातारी. मुलगी विचारते, "तू कोण?"

पडद्यावर खाली अक्षरं आली: "मी पदार."

अख्खं थिएटर उभं राहिलं, नेदा. तीनशे माणसं. टाळ्या, शिट्ट्या. पुढची दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. एखाद्या गाण्याची ओळ यावी आणि सगळ्यांनी ती उचलावी तसं झालं.

एक शब्द! तुला ती दुपार आठवते का? स्तामातकाकांच्या कॅसेटच्या दुकानामागची खोली, पंचाण्णव साल. पहिल्या भागाची सबटायटलं. सगळे झोपल्यावर एकटा जागा राहून यान सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत म्हणायचं काय, यावर आपण तीन तास भांडलो. तू म्हणालीस, "पदार लिही."

"वेडी झालीस? पदार म्हणजे खेड्यात खांद्यावर बंदूक टाकून टरबुजं राखणारा म्हातारा. हे अंतराळयान आहे!"

"मग? सगळं गाव झोपलेलं असताना जो जागा असतो, तोच ना? माझे डिंकोआजोबा तेवीस वर्षं पदार होते. बंदूक एकदाही झाडली नाही त्यांनी. पण त्यांच्या भरवशावर गाव निवांत झोपायचं. तुझा ओरेन दुसरं काय करतो?"

मी 'मुख्य प्रहरी नियंत्रक' असलं काहीतरी सुचवलं होतं. तू म्हणालीस, "वा! अर्धा पडदा झाकेल. लोकांनी सिनेमा कुठे बघायचा मग, तुझ्या अक्षरांच्या मागे?" आणि बाहेरून स्तामातकाका ओरडले, "काय ते ठरवा रे लवकर, गिऱ्हाइकं उभी आहेत!"

मी चिडून टाईप केलं. पदार.

आज आमच्या डेपोत रात्रपाळीला थांबणाऱ्याला पदार म्हणतात. कलिनाच्या वर्गात, सहलीला गेल्यावर सामानापाशी बसतो तो पदार. यातल्या अर्ध्या पोरांना हा शब्द शेतातून आलाय हे ठाऊकच नाही. त्यांना वाटतं, तो अंतराळातून आलाय. तुझ्या आजोबांना हे सांगायला हवं होतं.

या खेपेचा अनुवाद आपल्यासारख्यांनी मागच्या खोलीत बसून केलेला नाही. इस्क्रा नावाच्या पस्तिशीच्या बाईने केलाय, सोफियाहून ती खास कालच्या खेळासाठी आली होती. सिनेमा संपल्यावर मंचावर आली आणि म्हणाली, "कंपनीने हा शब्द तीन वेळा खोडून पाठवला. गावठी वाटतो म्हणाले. मी तीन वेळा परत लिहिला. सात वर्षांची असताना मी तो एका घासलेल्या कॅसेटवर वाचला होता. मला त्या माणसासाठी दुसरा शब्दच माहीत नाही."

पुन्हा टाळ्या. इथपर्यंत सगळं मी मान वर करून लिहू शकतो.

मग ती म्हणाली, "ज्यांनी हा शब्द दिला, ते आज इथेच बसले आहेत." आणि तीनशे माणसं वळली ती माझ्याकडे.

का, ते तुला माहीत नसेल. पहिल्या दोन भागांच्या कॅसेटवर शेवटी आपली दोघांची नावं होती, आधी तुझं. तिसऱ्या भागावर एकट्या माझं आहे. पुढे पहिल्या दोन भागांच्या नव्या प्रती निघाल्या, त्यांवरही एकट्या माझंच. कोणी विचारलं तर मी सांगायचो, जागा पुरली नाही. जागा भरपूर होती.

सत्त्याण्णवचा तो फेब्रुवारी. पावासाठी रांगा, चौकात रोज मोर्चे, निम्मं शहर सामान बांधत होतं. तू देश सोडून गेलीस यात तुझं काहीच चुकलं नाही. पण तू गेल्याचं मला स्तामातकाकांनी सांगितलं. "म्हणजे? तुला बोलली नाही होय?" असं म्हणून ते कितीतरी वेळ कॅसेटी पुसत बसले, माझ्याकडे न बघता. दोन वर्षं आपण एका बाकावर बसून काम केलं होतं. तुला एक गोष्ट विचारायची होती, आणि तिसरा भाग पूर्ण झाला की विचारू, असं मी ठरवलं होतं. त्याच दिवशी मी तुझ्या नावाची ओळ काढून टाकली. काम संपलं होतं, अनुवाद तुझा होता, आणि मला त्याला दोन सेकंद लागले. तू मला दुखावलंस म्हणून मी तुझं नाव पुसलं. हे इतकं सरळ मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. लोक विचारायचे, हा शब्द सुचला कसा? पहिल्यांदा मी म्हणालो, "एका मैत्रिणीचे आजोबा पदार होते." पुढच्या वेळी, "ओळखीतले एक आजोबा होते." मग एकदा रेडिओवर मुलाखत झाली, त्यात मी म्हणून बसलो, "माझे आजोबा." निवेदिकेला गहिवरून आलं. त्यानंतर मागे फिरणं जमलंच नाही. कलिनाने दुसरीत असताना पणजोबांचं चित्र काढलं, बंदूक, टोपी आणि सात टरबुजं. नेदा, मी तुझं नाव काढून घेतलं ते घेतलंच, तुझे आजोबासुद्धा घेतले.

तर काल मला मंचावर बोलावलं. मंडळाचा अध्यक्ष पेशाने दंतवैद्य आहे. 'माल्वा'च्या चमूचा निळा कोट त्याला पोटावर बसत नाही, तरी घालतोच. त्याने लाकडी सन्मानपाटी पुढे धरली. कलिना तिसऱ्या रांगेत मोबाइल उंच धरून उभी होती. मी इतकी वर्षं सांगत आलो ती गोष्ट सुरू केली: "माझे आजोबा..." आणि पुढचं वाक्य येईना. ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. एक काच पुसायची, एक नाव वाचायचं. चारशे नावांतलं एकही गाळलं नव्हतं तिने.

"माझे आजोबा न्हावी होते," मी म्हणालो.

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे.

"स्टेशनजवळ दुकान होतं त्यांचं. टरबुजं त्यांनी राखली नाहीत, फक्त खाल्ली." आणखी हशा. "पदार होते ते नेदा डिंकोवाचे आजोबा. शब्द तिचा आहे. अनुवादही तिचाच होता. मी तर त्या शब्दाच्या विरोधात तीन तास भांडलो. आणि कॅसेटवरून तिचं नाव मी काढलं. चुकून नाही, मुद्दाम."

हसू थांबलं. अध्यक्ष पाटी हातात धरून तसाच उभा. ती आता कोणाला द्यायची हे त्याला कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज आला, "नाव परत सांगा! इकडे ऐकू आलं नाही."

मी म्हणालो, "नेदा डिंकोवा."

"मोठ्यांदा!"

मी ओरडलो. आणि ते सगळे पुन्हा उभे राहिले, नेदा. त्या टाळ्या तुझ्या होत्या. इतकी वर्षं मी माझ्या म्हणून ज्या टाळ्या घेतल्या, त्या ऐकताना मी बुटांकडे बघायचो. काल समोर बघितलं. आपण दोघं स्तामातकाकांच्या त्या खोलीत काय करून बसलो होतो हे मला काल पहिल्यांदा समजलं. आणि त्या बाकावर मी तुझ्या शेजारी होतो, याचा मला अभिमान आहे. तो खरा आहे, तो कोणाकडून घेतलेला नाही.

घरी आल्यावर दारातच कलिना म्हणाली, "मग बाबा, तू नक्की केलंस काय?"

"टाईप केलं."

"नीट केलंस?"

"एका भागात सात चुका."

तिला हसायचं नव्हतं, पण ती हसली. मग म्हणाली, "मी ते सगळं चित्रित केलंय. पुसणार नाहीये, सांगून ठेवते." मी म्हटलं, नकोच पुसूस. स्नेझाना जास्त रागावली आहे. "पंधरा वर्षं मी वर्गात मुलांना तुझ्या आजोबांची गोष्ट सांगतेय! आता काय सांगू त्यांना?"

"खरं सांग."

"मी कशाला? तू ये. उद्या, तिसरा तास, सातवी ब."

उद्या जाणार आहे. सव्वीस मुलं आहेत, आणि ती दंतवैद्याइतकी सभ्य नाहीत म्हणे.

आता कामाचं. इस्क्राने जाताना मला जिन्यात गाठलं. मला वाटलं ती बोलणारही नाही. म्हणाली, "तुमच्यावर रागवायचं की नाही ते मी गाडीत ठरवीन. आधी तिचा पत्ता द्या." वसंतात सिनेमा घरी बघण्यासाठी निघेल, तेव्हा अनुवादाच्या श्रेयात तुझं नाव टाकायचं, हे तिने कंपनीकडून कबूल करून घ्यायचं ठरवलंय. आणि तिने तीन वेळा काय केलं ते मी वर सांगितलंच आहे, ती करून घेईल. नाव डिंकोवा लिहायचं की लग्नानंतरचं, कसं लिहायचं, लिहायचं की नाही, हे तूच सांगायचं आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी तिला पत्ता दिला नाही. तिचा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर सोबत ठेवलाय.

तिला थेट कळव. मला लिहून 'पुढे पोचव' असं म्हणू नकोस. तुझं नाव परत माझ्या हातातून जायला नको.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहायचं मनात होतं. पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. बघेन.

सिनेमा मोठ्या पडद्यावरच बघ. तिथे जर्मनमध्ये असेल. त्या म्हातारीला ते लोक काय म्हणतात कोण जाणे. काहीही म्हणोत, आपल्याइतकं चांगलं नसणार.

तुझ्या शब्दांचा टंकलेखक,
लूचेझार वेल्चेव