तुमच्यासंग

६ जानेवारी, सोमवार

बीपी १५४/९६. डॉक्टर म्हणाले, रोज आकडा लिहा, आणि त्या दिवशी कशाची धास्ती घेतली तेही लिहा. माझ्यासारख्या माणसाला हे सांगायचं म्हणजे! वही पुरणार नाही.

आजच्या धास्त्या — गॅसचा वास (नव्हता). खोकला. पुलाखाली उभा असलेला ट्रक, तो सुटून आपल्याच हॉटेलात घुसणार असं सकाळपासून वाटत होतं. बायकोला, प्रेरणाला सांगितलं तर म्हणाली, "जाम गावच्या चौकात त्याले तुमचंच हॉटेल दिसते काय?"

वही बीपीच्या मशीनच्या डब्यात ठेवतो. मशीन मीच लावतो, तिकडे दुसरं कोणी बघत नाही.

८ जानेवारी

१५०/९४. सिनेमावाले आले! पुण्याचे. प्रेम, लग्न आणि लग्नानंतरची भांडणं असा हसायचा सिनेमा आहे म्हणे, नाव 'राँग साइड संसार'. वीस प्लेट पोहे घेतले. तर्री कमी टाका म्हणाले, तरी निम्म्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी.

हिरोईनच्या मोठ्या बहिणीचं काम करणारी बाई ऐन वेळी आली नाही. तेवढ्यात एका ड्रायव्हरनं पाण्याच्या ड्रममध्ये हात बुचकळला आणि प्रेरणा त्याच्यावर अशी तुटून पडली की डायरेक्टर रत्नदीप सर चमचा खाली ठेवून बघतच राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्या सिनेमात एक वाक्य बोलाल का?"

मला वाटलं नाही म्हणेल. तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं, "कोणतं?"

लग्नाला पंधरा वर्षं झालेली बायको भर चौकात नवऱ्याला म्हणते — "मले नाई राह्यचं तुह्यासंग."

हसायचा सिनेमा! आमच्या लग्नाला चौदा झाली.

९ जानेवारी

१५६/९८. सकाळपासून कांदे चिरता चिरता एकच वाक्य. मले नाई राह्यचं, मले नाई राह्यचं. मी भज्यांच्या घाण्यापाशी उभा. अंगावर काटा येतो हो!

गंमत म्हणजे दर वेळी चुकते. तुह्यासंगऐवजी 'तुमच्यासंग' येतं तोंडात. मग स्वतःच हसली. "आईले तू म्हणतो आपण, देवाले तू म्हणतो. बापाले तुम्ही, मास्तरले तुम्ही, अन् तुमाले तुम्ही. ज्याचा धाक वाटते त्याले तुम्ही!"

तिला माझा धाक? मला झुरळाचा धाक वाटतो. एक घाणा जळाला.

१० जानेवारी

१६२/१००. मशीन बिघडलं असेल.

शूटिंग आपल्याच हॉटेलसमोर. सगळं जाम गाव गोळा झालेलं. नवरा झालेला नट नागपूरचा, डोक्यावर माझ्या दुप्पट केस.

पहिल्यांदा म्हणाली — तुमच्यासंग. कट! दुसऱ्यांदा — तुमच्यासंग. तिसऱ्यांदाही तेच. सरांनी हात जोडले. "ताई, ही बाई घर सोडून निघालीय! एवढी चिडलेली बायको नवऱ्याला 'तुम्ही' म्हणेल का?" प्रेरणा म्हणाली, "आमच्याकडं म्हणते." लोक हसले. मीही हसलो, दाखवायपुरतं.

सातव्या वेळी तिनं नटाकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागे मी झारा घेऊन उभा होतो, माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मले नाई राह्यचं तुमच्यासंग."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "राहू दे 'तुमच्यासंग'. हेच ठेवू." मग टाळ्या.

बाकीचा सिनेमा त्यांचा असेल. हे वाक्य आमच्या घरातलं आहे.

११ जानेवारी

आकडा घेतला नाही. आठवलं, नको ते.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी गल्ल्यावर, ती आत. आतून हाक आली — "आदेश, इकडं ये ना!" चार ट्रकवाले बसले होते. एक म्हणाला, "जाओ सेठ, बुलावा आया!" आणि सगळे खिदळले. बस, एवढंच. मी आत गेलो आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "नवऱ्याले तू म्हणते? घरी काही शिकवलं नाई काय तुले?"

तिनं हातातला झारा खाली ठेवला. म्हणाली, "चुकलं. तुम्ही इकडं या."

त्या दिवसापासून तुम्ही. मी विसरूनही गेलो होतो. खरं तर त्या चार जणांच्या हसण्याला मी घाबरलो होतो, ट्रकला घाबरतो तसाच. माझी भीती उचलून तिच्या ताटात वाढली आणि चौदा वर्षं ती मुकाट जेवली.

हे तिला सांगायला हवं. उद्या सांगतो.

१२ जानेवारी

१५८/९६. नाही सांगितलं.

१४ जानेवारी

सिनेमावाले गेले. प्रेरणानं तिळगूळ दिला. "गोड बोला." बोललो — "भज्यात ओवा कमी पडला आज." काय माणूस आहे मी!

५ मार्च

१५२/९४. पुण्याहून अंकिताचा फोन, सरांच्या हाताखालची मुलगी. आवाज नीट घ्यायचा आहे म्हणून प्रेरणाला पुण्याला बोलावलंय. एका वाक्यासाठी पाच दिवस? तर सरांना पुढच्या सिनेमासाठीही तिला बघायचं आहे. मोठं काम. जमलं तर तिकडेच दोन महिने.

आईनं काळजीनं विचारलं, "सून नवऱ्याले सोडून जाते, हे लोकं तिकीट काढून पाह्यतीन काय?" आई सिनेमाबद्दलच बोलत होती. मला मात्र घाम फुटला.

प्रेरणानं मला विचारलं, "जाऊ ना?" जा म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नको म्हटलं असतं तर ती राहिली असती. धाकानं. तसं नको होतं मला.

१५ मार्च

१६०/९८. ती बिनाकाम हसते. आरशासमोर वाक्यं म्हणते. मी आत आलो की थांबते.

१९ मार्च, बुधवार

१७०/१०४. उद्या सकाळी नागपूरची बस, पुढे तिथे घ्यायला आलेल्या अंकिताबरोबर ट्रॅव्हल्सनं पुणे.

बॅग पाहिली. पाच दिवसांसाठी आठ साड्या. मी मोजल्या, हो, मोजल्या! मनाला समजावलं, बायका नेतात जास्तीच्या. मग संध्याकाळी दिवा लावायला गेलो. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा नाही. माहेराहून लग्नात आणलेली, पितळेची, बोटाएवढी. बाकी सगळे देव जागच्या जागी. तिचा तेवढा नेला.

पाच दिवसांसाठी कोणी आपला देव नेतं?

विचारायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिनं वळून विचारलं, "काऊन असे उभे राह्यले? काही पाह्यजे काय?" मी म्हणालो, "पाणी." पाणी दिलं. प्यालो. परत आलो.

म्हणून इथे लिहितो, तोंडानं होत नाही. प्रेरणा, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. चारचौघांत हाक मारलीस म्हणून माझं काहीच गेलं नव्हतं. नंतर गेलं. तुझ्या तोंडचं माझं नाव गेलं. तू परत आली नाहीस तर मी कोणाला दोष देणार? मला फार भीती वाटते. ही खरी आहे, ट्रकसारखी नाही.

२० मार्च

बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून हात केला तिनं. मी "संभाळून जाजो" एवढंच म्हणालो.

आता मशीन काढायला डबा उघडला. वहीत कालच्या मजकुराखाली पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात —

"अन्नपूर्णा चिंचेच्या पाण्यात भिजू घातली होती, घाईत राह्यली. मोरीच्या खिडकीत वाटी आहे. घास, पूस अन् जागेवर ठेव. मंगळवारच्या बसवर घ्यायला ये. गोळी घे आदेश, येडा झाला काय तू?"

घ्या नाही. घे.