नेदर टॉलिंगचे नाव यादीत राहू द्यावे म्हणून

दि. १९ मे १९५८

प्रति,
मा. गावनोंदणी अधिकारी,
जिल्हा कार्यालय

विषय : लेखी इतिहास नाही म्हणून नेदर टॉलिंग वस्तीचे नाव यादीतून न काढण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २ मे.

महोदय,

१. नेदर टॉलिंगमध्ये घरे सात, माणसे पंधरा, त्यांत माझी पाच महिन्यांची टॅबिथा. हद्दीचा लेखी पुरावा महिनाअखेरपर्यंत न आल्यास वस्ती शेजारच्या ग्रेट टॉलिंग गावात धरली जाईल, असे आपण कळविले आहे.

२. लेखी पुरावा नाही, हे कबूल. येथे तो मुलांच्या बुडावर राखतात. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला पाद्रीबाबांसह सारी वस्ती हद्दीवरून फिरते आणि हद्दीच्या दगडांवर मुलांना उचलून आदळते. मूल तो दगड जन्मभर विसरत नाही.

३. आपल्या मोजणीदारांपुढे श्री. एमस टफनेल (वय ८१) म्हणाले, "चौथा दगड तळ्याकाठी. मी विसरेन, माझं बूड नाही विसरायचं." श्रीमती डॉर्कस पिम (वय ७८) म्हणाल्या, "गप रे एमस! मला मेंढवाड्यापाशी आपटलं होतं." मोजणीदारांनी 'साक्षीदारांत एकमत नाही' असे लिहिले. तीन दिवसांच्या अबोल्यानंतर एमस यांना आठवले की, मधल्या काळात त्यांच्याच वडिलांनी तो दगड डुकरांचे दार अडवायला नेला होता आणि परत ठेवताना आळसाने मेंढवाड्यापाशीच टाकला. सबब दोन्ही साक्षी खऱ्या, दगडच हलला.

४. खात्रीसाठी मोजणीदारांनाही त्या दगडावर बसविण्यात आले. जोर अंमळ जास्त झाला, त्याबद्दल वस्ती दिलगीर आहे. तथापि जागा त्यांना आता पक्की ठाऊक असल्याने त्यांचीही साक्ष घ्यावी.

५. अकरा वर्षे वस्तीत पाळणा हलला नव्हता. त्यामुळे आदळायला दुसरे लहान मूल नसल्याने गेल्या गुरुवारी, सणाच्या दिवशी, टॅबिथाला दगडावर टेकविले. मी खाली शाल अंथरली, तेव्हा डॉर्कसबाई ओरडल्या, "अगं, काढ ती! पोरीच्या शालच लक्षात राहील!" मी काढली नाही. टॅबिथा हसली, आणि एमस यांनी तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसले.

६. आमचे इतर साक्षीदार फार दिवस पुरतील असे दिसत नाही. टॅबिथा मात्र पुढील सत्तर-ऐंशी वर्षे उपलब्ध आहे. अडचण एवढीच की तिला अद्याप बोलता येत नाही. तरी ती बोलू लागेपर्यंत निर्णय थांबवावा, ही विनंती. मी स्वतः तिला कडेवर घेऊन हजर करीन.

वस्तीतर्फे, आदरपूर्वक,
हेस्टर गार्लंड

सोबत : साक्षीदारांच्या सह्या दोन, अंगठा एक. (अंगठा पुसट आहे, तो सतत तोंडात असतो.)