भिंतीवरचा आठवा आकडा

२६ फेब्रुवारी १९९६, केटा
३१, ३३१, ३३३१ – शाळेच्या भिंतीवर सात आकडे रंगवून झाले! मध्ये नुसता एकेक तीन वाढतो, आणि सातही मूळ संख्या! आता आठवी, ३३३३३३३३१. सहा मार्चला, स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला आमचे गावप्रमुख तोग्बे भिंत बघायला येणार. मुख्याध्यापिका आब्लाबाई म्हणाल्या, "मास्तर, नीट तपासा हं. तोग्बेंसमोर माझं नाक कापू नका." सात मूळ निघाल्या, आठवी काय वेगळी निघणार!

२७ फेब्रुवारी
कॅल्क्युलेटरवर मावतात आठच आकडे, आणि ही बया नऊ आकडी! म्हणजे सगळं हातानेच. दोन हजारांवर मूळ संख्यांनी भागून बघायचं. गणित मंडळाच्या वीस मुलींना शंभर-शंभर वाटल्या. सुरुवातीच्या लहान-लहान मी घेतल्या. सोप्या!

२९ फेब्रुवारी
मंडळातली एन्योनाम प्रत्येक भागाकार दोनदा करते! सगळ्यांचं संपलं, हिचं अजून निम्मंही नाही. "अगं, गणित करतेस की मासळी निवडतेस?" म्हटलं. पोरी खिदळल्या. तिचं काम दुसरीला दिलं, तिला मंडळातून काढलं. डोळे भरले तिचे. वाईट वाटलं मला. पण सहा तारीख थांबणार आहे का!

१ मार्च
तेरापर्यंत चुटकीसरशी झालं. तेवढ्यात शेजारच्या द्झिफाची हाक – मक्याच्या पिठाचे गरम आक्पले आणि तळलेली मासळी! कोण नाही म्हणेल? जेवून एकोणीसपासून पुन्हा बसलो. संपलं! एकाही संख्येने भाग जात नाही. जिंकलो!!

४ मार्च
रंगवली. फूटभर उंच, लालभडक. एन्योनाम लांबून बघत उभी होती.

५ मार्च
सणासुदीच्या केंटे वस्त्राला इस्त्री. भाषण पाठ.

६ मार्च
मेलो!
तोग्बेंनी भर सभेत विचारलं, "मास्तर, हिला खरंच कशानेच भाग जात नाही?" मी छाती फुगवून, "कशानेच नाही!" तोच मागून एन्योनाम – "सर, सतरा कुणाकडे होता?"
झर्रकन आठवलं – तेरा, मासळी, एकोणीस!
पोरीने खडू घेऊन भिंतीवरच लिहिलं – १७ × १९६०७८४३. तोग्बे इतके हसले की डोक्यावरचा मुकुट सावरावा लागला. आब्लाबाई हसल्या नाहीत.

७ मार्च
एन्योनामची सगळ्यांसमोर माफी मागितली. आता मंडळाची प्रमुख तीच. नंतर विचारलं, "तुला सापडलं कधी?"
"रंगवायच्या आधी, सर."
"अगं मग बोलली का नाहीस?"
"तेव्हा मी मंडळात कुठे होते!"